एक नंबरचा मालक, सात नंबरचं घर

मी कागदपत्रं आवरायला घेतली नसती तर आमची गल्ली आजही सुखानं नांदत असती, असं गल्लीतल्या सातही घरांचं मत आहे. सातांत माझंही घर आलं. म्हणजे माझ्या बायकोचंही तेच मत आहे.

आता यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळत होतो. माझ्या स्टोअरमध्ये साधा वॉशरसुद्धा बेवारशी पडलेला दिसणार नाही. त्याला खण, खणाला रॅक, रॅकला नंबर. रिटायरमेंट जवळ आली तसा ऑफिसातून निरोप आला की, 'नदाफ, सगळे कागद नीट लावून ठेवा, नंतर धावपळ नको.' नीट लावून! हे मला सांगायचं! मी त्याच संध्याकाळी रंगीत फायली घेऊन घरी आलो. विम्याची हिरवी, दवाखान्याची निळी, घराची लाल आणि 'किरकोळ' असं लिहिलेली पिवळी.

सलमानं फायली बघितल्या आणि म्हणाली, "पिवळी एकच आणलीसा? सगळं त्यातच जाणार हाय."

आमच्या घरात कागद जपून ठेवण्याची पद्धत अशी की, कागद जितका महत्त्वाचा तितका तो अवघड जागी ठेवायचा. मुलीच्या जन्माचा दाखला शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये निघाला. विम्याची पॉलिसी गादीखाली होती आणि आम्हा दोघांच्या वजनानं तिला अशी इस्त्री बसली होती की उलगडताना तिचे तुकडेच हातात आले. निकाहनामा सलमानं स्वतः आणून दिला, कुठून ते सांगितलं नाही. हॉलभर कागद पसरले. ते उडू नयेत म्हणून पंखा बंद, आणि दिवस ऑक्टोबरच्या उन्हाचे. घामाचे थेंब पडून माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची शाई पसरायला लागली, तेव्हा मी डोक्याला टॉवेल बांधला.

पहिला धक्का तिथंच बसला. आधारवर मी सिकंदर नदाफ होतो. पॅनकार्डावर शिकंदर होतो. विमा उतरवला होता तो सिकंदर नफाड नावाच्या कुणा गृहस्थाचा. लाइटबिल तर आजवर 'श्रीमती' लावून येत होतं आणि ते मी इमानदारीनं भरत होतो. फंडाला वारस म्हणून माझ्या आईचं नाव होतं, जिला जाऊन कैक वर्षं झाली. सलमानं एकेक कागद हातात घेऊन बघितला.

"माझं नाव कुठंच न्हाय," ती म्हणाली.

"निकाहनाम्यात आहे की."

"तो मी जपला म्हणून." आणि ती आत गेली. त्या दिवशी चहा मी केला.

पण ही नावांची भानगड म्हणजे काहीच नव्हे. खरा घात केला तो विजयसिंह सरनोबतांनी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले हे गृहस्थ गल्लीच्या बरोबर मधल्या, म्हणजे चौथ्या घरात राहतात आणि दोन्ही बाजूंच्या घरांना सल्ला सारखाच पोचेल याची काळजी घेतात. मी कागद पसरलेत हे कळताच ते आले, चपला दारात काढल्या आणि कागदांवरून पाय उचलत-टाकत सोफ्यापर्यंत पोचले.

"प्रॉपर्टी कार्ड काढलंय का?" त्यांनी विचारलं.

"खरेदीखत आहे की," मी लाल फाईल दाखवली.

"खरेदीखत म्हणजे लग्नाची पत्रिका. लग्न झालं का न्हाय ते प्रॉपर्टी कार्डावर कळतं." ते सोफ्यावर रेलले. "कार्डावर नाव नसलं तर हे घर तुमचं न्हाय, सिकंदरभाई. आपलं साधं सांगतोय."

माणूस रिटायर व्हायला निघालेला, आणि त्याच्याच सोफ्यावर बसून त्याला हे साधं सांगायचं! मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि भूमापनाच्या ऑफिसात गेलो. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. पुढच्या खेपेला अर्जावर कोर्ट फीचं तिकीट नव्हतं. तिकीट लावून नेलं तर अर्ज जुन्या नमुन्यातला निघाला. शेवटी काउंटरवरच्या मॅडमना माझी दया आली. तेजस्वी असं त्यांचं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं. त्यांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी श्वास रोखून वाचलं. प्लॉट नंबर एक. धारक, सिकंदर नदाफ. 'न' तिथं 'न', 'फ' तिथं 'फ'! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्या आनंदाच्या भरात मी म्हणालो, "मॅडम, नकाशाची पण एक प्रत द्या. लाल फायलीत लावतो."

तिथं थांबलो असतो तर आज ही वेळ आली नसती.

मॅडमनी नकाशा पसरला. "घर कुठलं तुमचं, काका?"

"रस्त्याकडनं पहिलंच. एक नंबर."

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. मग वाकून बघितलं. "रस्त्याकडनं पहिला प्लॉट सात नंबरचा हाय."

"सात नंबर शेवटचा, विहिरीकडचा," मी समजावलं. ऑफिसातल्या लोकांना गल्लीची माहिती नसते.

"विहिरीकडचा एक नंबर हाय. इकडनं नंबर सुरू होतात."

मी नकाशा माझ्याकडे फिरवून घेतला. विहीर काढली होती, तिच्याशेजारी स्वच्छ 'एक' लिहिलं होतं. मी पुन्हा फिरवला. नंबर काही बदलले नाहीत.

"मग रस्त्याकडच्या घरात राहतंय कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"आणि विहिरीकडच्या?"

"आकाराम चौगुले."

"त्यांचा नंबर?"

"सात," मी म्हणालो, आणि नकाशा पुन्हा एकदा फिरवून बघितला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, पाणी पिता का?"

घरी आल्यावर लाल फाईल उघडून खरेदीखत पहिल्यांदाच नीट वाचलं. चतुःसीमेत 'पश्चिमेस सामाईक विहीर' असं स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या घराच्या पश्चिमेला दुसरं घर आहे. विहीर दिसायची तर गच्चीवर चढून मान लांब करावी लागते. ज्या एजंटनं आम्हाला प्लॉट दाखवले तो आता हयात नाही. भला माणूस होता. त्यानं नकाशा उलटा धरला होता, एवढंच.

सलमा मटकन खाली बसली. "या अल्ला! म्हंजे एवढी वर्षं मी तानाबाईच्या घरात झाडू मारतोय?" तानाबाई म्हणजे आकारामची बायको.

कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सलमा कुणाला बोललीही नाही. मी मात्र विजयसिंहांकडं गेलो, कारण सल्ला त्यांचा होता, तेव्हा धक्काही त्यांनी वाटून घ्यायला हवा होता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर सात चौकोन काढले. माझी आणि आकारामची अदलाबदल. दुसऱ्याची आणि सहाव्याची. तिसऱ्याची आणि पाचव्याची. मग पेन्सिल मधल्या चौकोनावर थांबली. इकडून मोजलं तरी चार, तिकडून मोजलं तरी चार. विजयसिंहांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजे सगळ्या गल्लीत," ते उठून उभे राहिले, "स्वतःच्या घरात राहणारा मी एकटाच?"

आणि माझ्या हातातला चहाचा कप संपायच्या आत ते व्हरांड्यात जाऊन ही बातमी सांगायला लागले होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीचा बाजार झाला. लोक आपली घरं सोडून आपल्याच घरात शिरायला लागले. दुसऱ्या घरातल्या बाई सहाव्या घरात जाऊन पेरूच्या झाडाला हात लावून आल्या. तिसऱ्या घरानं नुकताच रंग दिला होता, तो पाचव्याच्या मालकीच्या भिंतींना. पाचवा म्हणाला, रंग आपल्याला पसंत नाही. विजयसिंहांनी रंगारी बोलावून दारावरच्या पाटीवर आपल्या नावाखाली 'मूळ मालक' असं लिहून घेतलं. आणि जो तो माझ्या फाटकाशी थांबून एकच वाक्य बोलून जात होता, "कशाला उकरत बसलासा कागद? चाललं हुतं की बरं."

आकाराम सगळ्यात शेवटी आला. दुधाचा धंदा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की विहिरीजवळ शिंकला तर रस्त्यावरचा माणूस दचकतो. आमच्यात वैर नव्हतं आणि मैत्रीही नव्हती. गल्लीच्या दोन टोकांना राहणाऱ्यांची असते तेवढी ओळख होती. मागं तानाबाई होती.

"काय ऐकतोय म्या सिकंदरभाई? मी तुमच्या घरात ऱ्हातोय?"

"आणि मी तुमच्या."

तो माझ्या घराच्या भिंतीकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं भेदरलेपण होतं. "आत्ता गं बया," एवढंच तो म्हणाला. त्यानं गेल्याच वर्षी पोराच्या लग्नासाठी वरचा मजला चढवला होता. माझ्या प्लॉटवर.

तानाबाई मात्र सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली. तिनं ओट्यावरून हात फिरवला, माळ्याकडं बघितलं, नळ सोडून बघितला. "सलमाभाबी, ओटा लई बुटका केलायसा."

"मला कुठं ठाऊक तुमच्यासाठी करतोय म्हणून," सलमा म्हणाली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, पण ते हसणं काही मला आवडलं नाही.

विजयसिंहांच्या व्हरांड्यात बैठक झाली. मूळ मालक म्हणून अध्यक्ष तेच. एका वकिलांना विचारून आले होते. उपाय सोपा होता. जो जिथं राहतो तिथंच त्यानं राहायचं, जोडीजोडीनं अदलाबदलीचा दस्त करायचा आणि कागद घरांच्या मागं आणायचे. दुसरं-सहावं, तिसरं-पाचवं घर लगेच तयार झालं. सगळ्यांनी आकारामकडं बघितलं.

"बघू की," आकाराम म्हणाला.

कोल्हापुरात 'नाही' म्हणणारा माणूस परवडला. त्याच्याशी भांडता येतं. 'बघू की' म्हणणाऱ्याशी काय करणार? या दोन शब्दांत माणूस वर्षंच्या वर्षं आरामात राहू शकतो. मी घरी येऊन विचार करत बसलो आणि दोन दिवसांत विचार करायचं कारण समोर आलं. आकारामचा मुलगा राजवीर मोटरसायकलवरून आला आणि आमच्या फाटकासमोर उभा राहून पावलं टाकत रुंदी मोजायला लागला.

"काय रे राजवीर?"

"काय न्हाय काका. दुकानाचं शटर केवढं बसंल बघतोय." तो अगदी नम्रपणे बोलला. "रस्त्याला लागून जागा हाय, सोन्यासारखी. कागद तर आमचाच हाय न्हवं?"

आयुष्यभर लोकांच्या लोखंडाला जागा लावून दिलेला माणूस मी, आणि रिटायर व्हायच्या तोंडावर माझ्या हॉलमध्ये शटर बसणार होतं! निरोप समारंभात साहेबांनी शाल घातली, 'आता घरी निवांत राहा' म्हणाले, आणि मला हुंदका आला. लोकांना वाटलं फौंड्री सुटली म्हणून रडतोय.

गल्लीनं सल्ल्यात कसूर केली नाही. एक म्हणाला कोर्टात जा. दुसरा म्हणाला कोर्टात जाऊ नका, नातवंडांपर्यंत खटला चालेल. तिसऱ्यानं सुचवलं की नकाशाच उलटा लावून घ्यावा, म्हणजे सगळे प्रश्न मिटतील. हे तो गंभीरपणे म्हणाला, आणि मीही क्षणभर गंभीरपणे विचार केला.

मग एका सकाळी आकाराम पुन्हा आला. या वेळी अंगात शर्ट होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सिकंदरभाई, पोरगं म्हणतंय रस्त्याकडची जागा घ्या. बायको म्हणतीय, न बघता कशी घ्यायची? तर मी म्हणतोय, आठ-धा दिवस ऱ्हाऊन बघतो की. तुम्ही आमच्यात ऱ्हावा, आम्ही तुमच्यात."

विजयसिंहांना कळताच ते धावत आले. "अजिबात न्हाय! ताबा गेला की संपलं. एकदा त्याची खाट आत गेली की तुम्ही बाहेर." मला ते पटलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सलमा दारात आली.

"राहू देत की त्यास्नी."

"अगं, ताबा जाईल!"

"आपण त्यांच्या घरात असणार हाय न्हवं? त्यांचा पण ताबा आपल्याकडं. भ्या दोघांस्नी सारखंच." आणि जाताना हळूच म्हणाली, "तानाबाईचं स्वयंपाकघर लई मोठं हाय."

बायकोच्या मनात एवढी वर्षं एक स्वयंपाकघर घर करून बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मला हा धक्का नकाशापेक्षा मोठा वाटला.

अदलाबदल ठरली, पण ठरल्याबरोबर तिला भोकं पडायला लागली. तानाबाई म्हणाली, देव हलणार नाहीत. देवांना या भानगडीत ओढायचं नाही हे आम्हालाही मान्य होतं, तेव्हा देवघर तिथंच आणि ती रोज सकाळी पूजेला येणार. मग आकाराम म्हणाला, म्हैसही हलणार नाही, आणि दुसऱ्याच्या हातानं ती दूध देत नाही. तेव्हा तो धारेला येणार. सलमानं नमाजाचं जानमाज, मसाल्याचा डबा आणि आपली उशी घेतली. मी चारही फायली घेतल्या. बाकी ज्याचं त्याचं तिथंच राहिलं. गल्लीनं दोन्ही बाजूंना उभं राहून आमची मिरवणूक बघितली. गल्लीच्या मधोमध आम्ही आणि चौगुले समोरासमोर आलो आणि काय बोलायचं ते न सुचून मी 'या बसा' म्हणालो.

पहिल्या रात्री आकारामच्या घरात मला इतकी छान झोप लागली की काय सांगू. रस्त्याचा आवाज नाही, विहिरीकडची गार हवा. उजाडताच मात्र फाटकावर थापा पडल्या.

"पाणी सोडा की ओ! झोपलायसा काय?"

बाहेर येऊन बघतो तर बादल्या घेतलेली निम्मी गल्ली. विहिरीवरची मोटर या घराच्या परसात आहे हे मला माहीत होतं. पण ती रोज पहाटे कुणीतरी उठून चालू करतं, मग एकेका घराचा कॉक सोडून एकेक टाकी भरेपर्यंत उभं राहतं, मग तो बंद करून पुढचा सोडतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या टाकीत पाणी असायचं. ते कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आकाराम इतकी वर्षं हे एकटा करत होता आणि त्यानं कधी कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं.

मी मोटर चालू केली आणि कुणावर अन्याय नको म्हणून सगळे कॉक एकदम सोडले. पाणी लांबच्या घरांना पोचेना आणि मधल्या घराच्या टाकीतून धो-धो वाहायला लागलं. त्याच वेळी विजयसिंहांच्या गच्चीवरून अशी किंकाळी आली की माझ्या हातातला पाना पडला. माझ्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी आपले सगळे कागद गच्चीवर दगडाखाली मांडले होते, सकाळच्या उजेडात फोटो काढायला. मी धावत वर गेलो. ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांच्या हातात प्रॉपर्टी कार्डाचा ओला लगदा होता.

"मूळ मालक हाय हो मी," ते कसंनुसं म्हणाले.

"नवीन मिळतं," मी धीर दिला. "अर्जाला तिकीट तेवढं लावा."

तिकडं आकारामचं काय चाललं होतं ते मला धारेच्या वेळी कळायचं. त्या संध्याकाळी तो आला तेव्हा डोळे तांबारलेले होते. ऊसतोड ऐन भरात होती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून आमच्या दारावरून जातात आणि घरातल्या कपबशा त्या तालावर वाजतात. आम्हाला ते ऐकूही येत नाही आता.

"तुम्ही झोपता कसं ओ?" त्यानं विचारलं.

पुढच्या दिवशी तो आला तो आणखी खचलेला. गल्लीतल्या सातही घरांची पार्सलं पहिल्याच घरात टाकून जातात याची त्याला कल्पना नव्हती. कुणी घरी नसलं की ती सांभाळायची, संध्याकाळी ज्याची त्याला द्यायची. त्याच्याकडं एक सुटी केलेली लाकडी खाट, कुणाची औषधं आणि एक कुंडीतलं झाड जमलं होतं. शिवाय पत्ता विचारायला माणसं. टेम्पो मागं घेताना 'जरा सांगा की पावणं' म्हणणारी माणसं. दुपारी एक म्हातारे गृहस्थ लेकीचं घर शोधत आले आणि ओसरीवर बसले. आकारामनं त्यांना पाणी दिलं, गाडीवर घालून निम्मं कोल्हापूर फिरवलं आणि शेवटी लेक मागच्याच गल्लीत निघाली.

"हे रोज अस्तंय?" त्यानं मला विचारलं.

मी विचार केला. "रोज नाही. एक दिवसाआड."

त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "माझी पण पार्सलं तुमीच ठेवून घेत हुतासा?"

"कडबाकुट्टीची पाती आली होती ना गेल्या वर्षी? ती हॉलमध्ये ठेवली होती. तुम्ही दोन दिवसांनी नेलीत."

"मला वाटलं दुकानवाल्यानं आणून दिली." तो खाली बघत म्हणाला. "आनि मी तुमास्नी थ्यांकू बी म्हटलं न्हाय."

मला पाण्याबद्दल तेच म्हणायचं होतं. नुसता कॉककडं हात केला. त्याला कळलं. तो पुढं झाला, पाना घेतला आणि कुठला कॉक किती फिरवायचा ते मला दाखवू लागला. सरनोबतांचा अर्धाच सोडायचा, हे तेव्हा समजलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आकाराम आला. मागं तानाबाई, कपाळावर टेंगूळ. आमच्या माळ्याला डोकं आपटलं होतं. सगळ्यात मागं राजवीर, तोंड पाडून.

"सिकंदरभाई, किल्ली घ्या तुमची."

"आबा, जागा रस्त्याला लागून हाय..." राजवीर सुरू झाला.

"मग जा, तू ऱ्हा तितं!" आकारामचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "पार्सलं घे, म्हातारी माणसं सोडून ये, ट्रॅक्टरखाली झोप. जातोस?"

राजवीरनं आईकडं बघितलं. तानाबाईनं टेंगळावर हात ठेवला. "मला माझा ओटा पायजे," ती म्हणाली. विषय संपला. राजवीर म्हशीला चारा घालायला निघून गेला.

मी आनंदानं सलमाला हाक मारली. ती बाहेर आली, हात पिठानं भरलेले.

"मी न्हाय येत," ती म्हणाली.

एवढ्या सगळ्यातून घर वाचलं आणि आता बायको ताबा सोडेना! तानाबाईच्या ओट्यावर तिनं मटणाचा रस्सा चढवला होता, आणि हा ओटा काय, ही हवा काय, असं ती सांगत सुटली. शेवटी तानाबाईच तिला हाताला धरून आत घेऊन गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हा दोघांना आजपर्यंत कळलेलं नाही. बाहेर आल्या तेव्हा ठरलं होतं की ईद-दिवाळीचा मोठा स्वयंपाक इथं होणार आणि दोघी मिळून करणार. आकारामला किंवा मला कुणी विचारलं नाही.

दस्ताच्या दिवशी सगळ्या जोड्या रजिस्ट्रार ऑफिसात गेल्या. वकिलांनी कागद तयार ठेवले होते. फोटो, अंगठे, साक्षीदार. तिथल्या साहेबांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "राजीखुशीनं करताय ना दोघं? कुणाचा दबाव न्हाय?"

"हाय की," आकाराम म्हणाला. साहेबांनी पेन उचलून धरलं. "बायकांचा हाय. पन त्यो चालतोय न्हवं?"

साहेब हसले आणि शिक्का मारला. माझ्या घराचा नंबर सात झाला आणि ते घर माझं झालं. नाव त्यातही 'सिकंदर'च होतं, मी अक्षर न् अक्षर तपासलं.

येताना आकारामनं मला गाडीवर घेतलं. आमच्या फाटकाशी गाडी लावली, आणि मी 'येतो' म्हणायच्या आत तो फाटक उघडून पुढं झाला, चपला कोपऱ्यात सरकवल्या, टॉवेल खुंटीला अडकवला आणि कॉटवर ऐसपैस बसून आतल्या दिशेनं ओरडला, "तानाबाई, च्या टाक!"

आतून सलमानं डोकं बाहेर काढलं. माझ्याकडं बघितलं. मी दोन बोटं दाखवली. ती आत गेली आणि थोड्या वेळानं दोन कप घेऊन आली.

आकारामनं बशीत ओतून एक घोट घेतला, मग दुसरा. मग त्याची नजर भिंतीवर गेली, तिथून आमच्या छोट्या माळ्यावर, तिथून सलमावर. बशी हवेतच थांबली. तो इतका हबकला की मिशीवरचा चहा पुसायचंही विसरला.

"भाबी," तो म्हणाला, "साकर बरोबर हाय."

आणि उरलेला चहा त्यानं आरामात संपवला.